दह्यावर आळ, भात मोकळा

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक, त्यांची पत्नी आणि सात वर्षांची मुलगी असं तिघांचं घर. दोन महिन्यांपूर्वी रात्रीच्या जेवणानंतर दोन-तीन तासांत तिघांनाही उलट्या सुरू झाल्या. ताप कुणालाच नव्हता. सकाळपर्यंत सगळे सावरले. जेवणात दुपारचा भात गरम करून घेतला होता आणि घरी लावलेलं दही होतं. भात दुपारपासून ओट्यावर झाकून ठेवलेला होता. त्याच रात्री लेखकांनी मुलीला घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या दिल्या. तेव्हापासून घरात दही बंद आहे. साबण जिवाणूनाशक आणला जातो, आणि ओटा, खेळणी, मोऱ्या रोज जंतुनाशकानं पुसल्या जातात. मुलगी गच्चीवरच्या कुंड्यांतल्या मातीत खेळते म्हणून ते जंतुनाशक पातळ करून कुंड्यांतही ओतलं. झाडं पिवळी पडू लागली आहेत. पत्नीचं म्हणणं, जंतू पोटात गेल्यानंच प्रतिकारशक्ती वाढते, हा सगळा वेडेपणा आहे. लेखक विचारतात: घर जंतुमुक्त कसं करू, आणि आमच्यात बरोबर कोण?

आधी त्या रात्रीकडे परत जाऊ. तुमचे पुढचे सगळे निर्णय त्या रात्रीवर उभे आहेत, आणि माझ्या मते तुम्ही भलत्यालाच पकडलं आहे.

उलट्या दोन-तीन तासांत सुरू झाल्या, ताप नव्हता, सकाळी सगळं ओसरलं. हे वेळापत्रक फार बोलकं आहे. जिवाणू पोटात जाऊन, वाढून आजार करणार असतील तर त्यांना वेळ लागतो. साल्मोनेलाला सहा तासांपासून काही दिवस, कॅम्पिलोबॅक्टरला साधारण दोन ते पाच दिवस. दोन तासांत उलटी होते तेव्हा बहुतेक वेळा जिवाणूंनी विष आधीच अन्नात करून ठेवलेलं असतं. ताटात येतं ते तयार विष. असं करणारे दोघे नेहमीचे. एक बॅसिलस सेरियस, त्याची आवडती जागा शिजवून बाहेर ठेवलेला भात. दुसरा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, तो माणसाच्या नाकातून, हातावरच्या फोडातून, जखमेतून अन्नात उतरतो. नमुना तपासल्याशिवाय शपथेवर सांगता येणार नाही, पण दुपारपासून ओट्यावर असलेला भात एकीकडे आणि आंबट दही दुसरीकडे असेल, तर संशय भातावरच जातो.

बॅसिलस सेरियस मातीतला जिवाणू आहे, तांदळाच्या दाण्याबरोबर तो घरात येतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती कवच करून बीजाणू होऊन बसतो, आणि हे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत. उलट उकळीनं बाकीचे जिवाणू मेलेले असतात, म्हणजे मैदान मोकळं. भात कोमट झाला की बीजाणू रुजतात, वाढतात आणि सेर्युलाइड नावाचं विष सोडतात. हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी टिकतं. रात्री तुम्ही भात वाफ येईपर्यंत गरम केलात तेव्हा जिवाणू बहुधा मेले, विष जिथल्या तिथे राहिलं. ‘नीट गरम केलं की सगळं मरतं’ हा समज इथे फसतो. स्टॅफच्या विषाचंही तसंच, तेही नुसत्या उकळीला दाद देत नाही.

दह्यात मात्र जिवाणूच पहारेकरी असतात. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस हे दोघे दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, सामू ४.५ च्या आसपास किंवा खाली येतो, आणि त्या आंबटपणात बहुतेक रोगकारक जिवाणूंना वाढता येत नाही. लॅक्टिक आंबवणं सजीव करतात हे पाश्चरनं १८५७ साली दाखवलं. माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून दही लावतच होता.

आता तुमच्या मूळ प्रश्नातला शब्द घेऊ, ‘जंतुमुक्त’. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा २०१६ सालचा अंदाज आहे. माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे तुम्ही दारातून आत आलात की घर जंतुमुक्त राहिलं नाही. आणि ९९.९ टक्के जिवाणू मारणारं औषध खरंच तेवढे मारतं असं धरलं, तरी हिशेब बघा. ओल्या फडक्यावर एक कोटी जिवाणू होते, त्यातले दहा हजार उरले. अन्न, ओल आणि ऊब मिळाली तर ई. कोलायसारखा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. दहा दुपटी झाल्या की, म्हणजे तीन तास वीस मिनिटांत, पुन्हा एक कोटी. तेच फडकं धुऊन, पिळून, उन्हात कडक वाळवलं तर उरलेल्यांना वाढायला जागाच नाही. कोरडेपणा ही फुकटची आणि फार कमी लेखलेली गोष्ट आहे.

जिवाणू आहेत की नाहीत, याला महत्त्व नाही. कोणते, कुठे, किती आणि त्यांना वाढायला किती वेळ मिळाला, हे विचारायचं. शिगेलाचे दहा ते शंभर जिवाणू पोटात गेले तरी आमांश होऊ शकतो. जठरातलं आम्ल शाबूत असलेल्या निरोगी माणसाला कॉलरा व्हायला मात्र सहसा कोट्यवधी लागतात. पहिल्यासाठी हात धुणं हाच खरा बंदोबस्त, दुसऱ्यासाठी पाणी. भातासाठी घड्याळ. एकाच बाटलीतलं औषध सगळीकडे शिंपडून यातलं काहीच होत नाही.

म्हणून घड्याळापासून सुरुवात करा. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जितकं कमी राहील तितकं बरं. खायचं नसेल तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये; खोलीचं तापमान ३२ च्या वर असेल तर एका तासात. मोठं पातेलं तसंच आत ढकलू नका. पाच-सहा लिटरच्या पातेल्याचा मधला भाग फ्रीजमध्येही कित्येक तास कोमट राहतो, आणि मधे बीजाणू निवांत रुजतात. मांसाच्या रश्श्याच्या मोठ्या भांड्यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नेमकं हेच साधतो. अन्न पसरट डब्यात काढा, थर दोन इंचांपेक्षा जाड नको, वाफ जाईपर्यंत झाकण तिरकं ठेवा, मग बंद. फ्रीजचं तापमान ४ अंश किंवा कमी आहे ना, ते एकदा थर्मामीटर ठेवून बघा. दाराच्या कप्प्यातलं नको, मधल्या कप्प्यातलं. उरलेला भात दुसऱ्या दिवशी संपवा, एकदाच गरम करा आणि मधोमध ७४ अंशांपर्यंत. बाकीचं शिजवलेलं अन्न तीन-चार दिवस चालतं. फ्रीज वाढ मंद करतो, थांबवत नाही. लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो, म्हणून गरोदर स्त्रियांना कच्च्या दुधाचं चीज आणि मऊ चीज टाळायला सांगतात.

आता दारं राखायची ती चार. शौचाहून आल्यावर, स्वयंपाक आणि जेवण यांच्या आधी, कच्च्या मांसाला किंवा अंड्याला हात लावल्यावर, आजारी माणसाचं किंवा प्राण्याचं काही केल्यावर: साधा साबण, वीस सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि नखं, आणि मग कोरड्या टॉवेलनं हात पुसणं. साबण जिवाणू मारण्यापेक्षा त्यांना चरबीसकट सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो, म्हणून तो साधाच पुरतो. जिवाणूनाशक साबणातल्या ट्रायक्लोसानसह १९ द्रव्यांवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१६ साली घरगुती हातधुण्याच्या साबणांपुरती बंदी घातली. ती साध्या साबणापेक्षा सरस आहेत हे उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, कोशिंबिरीवर जातात. शिजवणं हेच त्याचं निर्जंतुकीकरण. त्याची सुरी आणि चिरायची पाटी वेगळी ठेवा.

जंतुनाशक लागतंच, पण नेमक्या जागी. कच्च्या मांसाची पाटी आधी साबणानं घासून धुवा, कारण चिकटलेलं अन्न क्लोरीन खाऊन टाकतं आणि औषध वाया जातं. मग ५ टक्क्यांचं साधं, बिनवासाचं ब्लीच एक लिटर पाण्यात ४ मिलिलिटर, दोन मिनिटं राहू द्या आणि वाळवा. घरात कुणाला जुलाब-उलट्या असतील तर शौचालयासाठी लिटरला २० मिलिलिटर, दहा मिनिटं. द्रावण रोज ताजं करा, उरलेलं दुसऱ्या दिवशी निकामी होत जातं. ब्लीच आणि आम्लाचं टॉयलेट क्लीनर, किंवा ब्लीच आणि अमोनिया, कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. खेळणी आठवड्याला साबणपाण्यानं धुतली तरी पुरे. मोरीत रोज ओतायचं काही कारण नाही.

कुंड्यांबद्दल वाचून मात्र वाईट वाटलं. ग्रॅमभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांतले फार थोडे माणसाच्या वाटेला जातात. बाकीचे झाडाचा स्वयंपाक करतात. कुजणाऱ्या पाल्यातला नत्र आधी अमोनियम होतो, नायट्रोसोमोनास त्याचं नायट्राइट करतो, नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा नायट्रेट करतात, आणि बहुतेक झाडं नत्र मुख्यतः त्या रूपात उचलतात. ही नायट्रेटवाली मंडळी सावकाश वाढणारी आणि नाजूक आहेत. जंतुनाशक ओतलं की सगळ्यात आधी ती जातात आणि सगळ्यात शेवटी परततात. रिकाम्या जागेत चटकन वाढणारे दुसरेच घुसतात. शिवाय औषधानं मुळांनाही इजा होते. पानं पिवळी पडण्यामागे हे दोन्ही असणार. गंमत अशी की क्षयावरचं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली शाट्झ आणि वाक्समन यांना मातीतल्याच स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसपासून मिळालं. पाऊस पडल्यावर मातीला येणारा वासही मुख्यतः त्याच कुळाच्या जिवाणूंचा.

खाण्याच्या पाल्याच्या आणि भाज्यांच्या कुंड्यांतली माती बदलाच, औषध कोणतं होतं त्यावर हुज्जत नको. शोभेच्या झाडांना कुंडीच्या आकाराच्या दुप्पट पाणी हळूहळू घालून खालून वाहू द्या, दोन दिवस निथळू द्या. वरची दोन इंच माती काढून तिथे पूर्ण मुरलेलं कंपोस्ट घाला. पिळलेल्या स्पंजइतकी ओल ठेवा, चिखल नको. हवा बंद झाली तर भलतेच जिवाणू माजतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. लगेच रासायनिक खत देऊ नका, दुखावलेली मुळं आणखी जळतात. नवी पालवी हिरवी यायला तीन ते सहा आठवडे धरा. एखाद्या कुंडीत वाल किंवा वाटाणा लावलात तर दीड महिन्यानं एक रोप मुळासकट उपटून मुलीला दाखवा. मुळांवर गाठी असतील, एक गाठ नखानं फोडा: आत गुलाबी दिसलं तर रायझोबियम हवेतला नत्र बांधतो आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर तो कामावर नाही. गाठींतला हा जिवाणू बायजेरिंकनं १८८८ साली वेगळा काढला. गाठीच नसतील तर त्या पिकासाठीचं जिवाणू खत बियाण्याला चोळून पुन्हा पेरा. वाटाण्याचं वालाला चालत नाही.

मुलीला मातीत खेळू द्या. अटी थोड्या आहेत. धनुर्वाताची लस वेळच्या वेळी, कारण क्लॉस्ट्रिडियम टेटनी मातीत असतोच आणि तो खोल, हवा न पोचणाऱ्या जखमेत वाढतो. हातावर कापलेलं असेल तर पट्टी. खेळून झाल्यावर, तोंडात काही घालण्याआधी साबण. कुंडीत मांजर जात असेल तर जाळी. कच्चं शेणखत अजिबात नको. कुंड्यांच्या मातीची तयार पिशवी उघडताना तोंड लांब ठेवा आणि आधी थोडं पाणी शिंपडा, त्या धुळीतून लिजिओनेला फुप्फुसात जाऊ शकतो. तुमच्याकडे कंपोस्टची बादली असेल तर एवढं लक्षात ठेवा: रोगकारक मारायला ढीग आतून किमान ५५ अंशांना काही दिवस तापावा लागतो, आणि त्यासाठी साधारण एक घनमीटरचा ढीग लागतो. बादली तापत नाही. म्हणून तिच्यात मांस, पाळीव प्राण्यांची विष्ठा, लंगोट नको. भाजीची देठं आणि सुका पाला खुशाल.

तुमच्या पत्नींचं म्हणणं अर्धं खरं आहे. लहानपणी सूक्ष्मजीवांशी कमी संबंध आला तर ॲलर्जी वाढते का, हा प्रश्न स्ट्रॅचन यांनी १९८९ साली मांडला, आणि पशुपालन करणाऱ्या शेतांवर वाढलेल्या मुलांत दमा-ॲलर्जी कमी आढळते हे त्यानंतर अनेकदा दिसलं. पण तो फायदा माती, प्राणी, झाडं यांच्याबरोबरच्या निरुपद्रवी गर्दीचा आहे. विष्ठेतून येणारा शिगेला किंवा पाच तास कोमट राहिलेला भात कुणाची ताकद वाढवत नाही. सेर्युलाइडविरुद्ध प्रतिकारशक्ती येत नाही, नुसती उलटी येते. तेव्हा माती आणि दह्याबाबत त्यांचं ऐका. पण ओट्यावरच्या पातेल्याच्या बाबतीत ‘काही होत नाही’ हे त्यांचंही धोरण नको.

गोळ्यांविषयी मात्र स्पष्ट सांगतो, पुन्हा करू नका. अन्नात तयार झालेल्या विषावर अँटिबायोटिक काहीच करू शकत नाही. मारले गेले ते मुलीच्या आतड्यातले कामाचे जिवाणू. त्यानं जुलाब वाढू शकतात, कधी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल माजतो, आणि अर्धवट मात्रेतून निभावलेले जिवाणू त्या औषधाला सरावतात. फ्लेमिंगनं पेनिसिलिनबद्दल हा इशारा १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. रक्ती जुलाबाच्या एका प्रकारात, ई. कोलाय ओ१५७ मध्ये, काही अँटिबायोटिकांनी मूत्रपिंडाची गुंतागुंत वाढण्याची भीती असते, म्हणून तिथे डॉक्टरही हात आखडता घेतात. उरलेल्या गोळ्या औषधांच्या दुकानात परत घेत असतील तर तिथे द्या.

उलटी-जुलाबात औषध म्हणजे पाणी, साखर आणि मीठ. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला धोका होतो, म्हणून चमचा बोटानं सपाट करूनच घ्या. उलटीनंतर दहा मिनिटं थांबून चमचा-चमचा पाजा. ग्लासभर एकदम दिलं की परत बाहेर येतं. जुलाबात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल, मूल मलूल, हिरवी उलटी, ३९ च्या वर ताप, यांतलं काही दिसलं तर घरी थांबू नका. पापण्या जड होणं, एकाचे दोन दिसणं, गिळता न येणं ही बॉट्युलिझमची, म्हणजे नसांवर हल्ला करणारं विष सोडणाऱ्या एका जिवाणूच्या आजाराची, लक्षणं आहेत, तिथे तासांचा प्रश्न असतो. घरी बाटलीत तेलात बुडवून बाहेर ठेवलेला लसूण हा त्याचा एक ठरलेला मार्ग: हवा नाही, आम्ल नाही, ऊब आहे. तसा लसूण फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध न देण्याचं कारणही हाच जिवाणू.

आणि दही पुन्हा सुरू करा. दूध ८५ अंशांना दहा मिनिटं तापवा, म्हणजे नको ते जिवाणू मरतात आणि दुधातली प्रथिनं सुटून दही घट्ट लागतं. ४३ अंशांपर्यंत निवू द्या. लिटरला २० ते ३० ग्रॅम विरजण थोड्या दुधात घोटून मिसळा आणि ४० ते ४५ अंशांत पाच ते आठ तास हलवू नका. दूध ५० च्या वर असताना विरजण घातलं तर ते मरतं आणि सकाळी दूधच मिळतं. फार थंडीत ठेवलं तर आंबटपणा यायला उशीर होतो आणि तेवढ्या वेळात दुसरे जिवाणू हात मारतात. तार सुटते, कडवट होतं. विरजण जास्त पडलं तर दही झपाट्यानं आंबतं, रवाळ होतं आणि पाणी सुटतं. लागलं की लगेच फ्रीजमध्ये. वरचं पाणी निर्दोष असतं. गुलाबी, हिरवे, केसाळ ठिपके दिसले तर वरचं काढून खालचं खाण्याचा मोह नको, सगळं टाका. जुनं विरजण दोन महिने पडून असेल तर ते वापरू नका. जिवंत जिवाणू असल्याचं वेष्टनावर छापलेलं ताजं साधं दही आणा आणि त्यातलं दोन चमचे पहिल्याच दिवशी विरजणासाठी बाजूला काढून ठेवा.